हात लावून म्हणायचं हकुना मटाटा

सोळा नोव्हेंबर, रविवार. बाबांच्या घरचा हौद धुवायचा होता.

बाग सेवनिया वस्तीतल्या त्यांच्या घराच्या अंगणात जमिनीखाली पाण्याचा हौद आहे. नळाचं पाणी त्यात पडतं आणि आत बसवलेली मोटर ते गच्चीवरच्या टाकीत चढवते. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळी उरकल्यावर, तो आतून घासून काढायचा असा आमच्याकडचा नियम. या कामाला माणसं मिळतात, पण ती कोपरे सोडतात. म्हणून मी स्वतः उतरते. काथ्याचा ब्रश, ब्लीचिंग पावडर, बादली, मग, शिडी. सकाळभराचं काम.

काम दोघांचं असतं. मी आत आणि बाबा बाहेर, पोर्चमधल्या विजेच्या बोर्डापाशी. आधी मोटर चालवून हौद उपसायचा. तळाला घोटाभर पाणी उरलं की मोटर आपोआप थांबते. पण ती थांबली म्हणजे वीज बंद झाली असं नाही. बोर्डावर तिचं बटण वेगळं आहे, ते बाबांनी बंद करायचं, त्यावर लाल पट्टी अडकवायची आणि मोठ्यानं सांगायचं. मगच मी शिडीवर पाय ठेवायचा.

पट्टी म्हणजे पत्र्याचा तळहाताएवढा तुकडा, लाल रंगाचा, वर तारेचा आकडा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'धोका' या अर्थाचा एक आफ्रिकी शब्द आहे. आणि बाबा जे मोठ्यानं सांगतात ते म्हणजे 'हकुना मटाटा'.

ही दोन्ही त्यांनी टांझानियाहून आणली. इथल्या सरकारी कारखान्यातून त्यांना तिकडे एका वीजकेंद्राच्या उभारणीसाठी पाठवलं होतं. तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. आई, दादा आणि मी कारखान्याच्या क्वार्टरमध्येच राहिलो. परत आले तेव्हा बाबा काळे आणि वाळलेले दिसत होते. आमच्यासाठी काजू आणि लाकडाचा एक जिराफ होता. पट्टी त्यांनी स्वतःसाठी आणली होती.

हकुना मटाटा हे शब्द आज कुणाला सांगायला लागत नाहीत. एका इंग्रजी कार्टून सिनेमानं ते जगभर पोचवले. आमच्या तलावाकाठच्या एका चहाच्या दुकानावर ते रंगवलेत, रिक्षांच्या मागच्या काचेवर असतात, मुलांच्या टी-शर्टवर असतात. अर्थ विचारला तर सगळे सांगतात, चिंता करू नका, मजेत राहा. आमच्या घरात मात्र ते सिनेमाच्या कितीतरी आधी आले होते आणि त्यांचा अर्थ हा नव्हता.

बाबा सांगत की तिथले लोक आपसात हे फारसं म्हणत नाहीत. 'काही अडचण नाही' म्हणायचं असेल तर ते 'हमना शिडा' म्हणतात. पण त्यांच्या तुकडीचा मुकादम सीमेपलीकडचा, मोम्बासाचा होता, त्याच्या तोंडी हकुना मटाटा होतं, आणि भारतीयांना ते जिभेवर ठेवायला सोपं गेलं. हकुना म्हणजे नाही. मटाटा म्हणजे अडचणी, गुंते. दोन्ही मिळून 'गुंता नाही' एवढंच. त्या तुकडीत तारेवर चढणाऱ्यानं खालून हे शब्द ऐकू आल्याशिवाय हात लावायचा नाही असं ठरलं होतं. आणि खालच्यानं ते कधी म्हणायचे? बटण स्वतः बंद केलं, पट्टी स्वतः अडकवली आणि तार मेलेली आहे हे स्वतः तपासलं, तेव्हा. दुसऱ्यानं सांगितलं म्हणून म्हणायचं नाही. ज्यानं पट्टी अडकवली त्यानंच ती काढायची, बाकी कुणी, अगदी साहेबानंसुद्धा, तिला बोट लावायचं नाही.

परत आल्यावर बाबांनी हा कायदा आमच्या घरालाही लावला.

उन्हाळ्यात आम्ही आजोळी नागपूरला जायचो. निघताना घर बंद करण्याची कामं वाटलेली असत. गॅस आईकडे, नळ माझ्याकडे, मागच्या दाराची कडी दादाकडे. सामान टेम्पोत चढलं की बाबा फाटकाशी उभे राहून एकेकाला विचारत, "हकुना मटाटा?" आणि ज्यानंत्यानं आपापल्या कामापुरतं तेच उत्तर द्यायचं. एका वर्षी दादानं पटकन उत्तर दिलं आणि बाबांना शंका आली.

"कडीला हात लावलास?"

"लागलेलीच आहे बाबा. काल रात्रीपासून."

"मी विचारतोय, हात लावलास?"

बाबांनी टेम्पो थांबवला, कुलूप उघडलं आणि त्याला आत पाठवलं. टेम्पोवाला हॉर्न देत होता, आई गाडी चुकेल म्हणून कपाळाला हात लावून बसली होती. दादा परत आला तो लाल चेहऱ्यानं. "लागलेलीच होती. सांगत तर होतो."

"लागलेली होती हे खरं," बाबा म्हणाले. "पण तुला ते माहीत नव्हतं."

गाडी मिळाली. दादा इटारसीपर्यंत कुणाशी बोलला नाही. त्यानंतर आमच्या घरात कुणीही ते शब्द न तपासता म्हटले नाहीत. मी तर नाहीच.

सिनेमा आला आणि बाबांची पंचाईत झाली. सोसायटीतल्या वाढदिवसांना पोरं हात वर करून ते गाणं म्हणू लागली. माझ्या लेकीला कुणीतरी त्या शब्दांचा टी-शर्ट दिला. ती तेव्हा शाळेत होती. तो घालून ती आजोबांकडे गेली.

"याचा अर्थ माहीत आहे का तुला?" बाबांनी विचारलं.

"नो टेन्शन, आजोबा. सगळ्यांना माहीत आहे."

"टेन्शन मला शिकवू नकोस. मी तेहतीस हजार व्होल्टवर काम केलंय."

"आजोबा, प्लीज. माझ्या मैत्रिणींसमोर हे नका हं सांगू."

त्यांनी सांगितलंच. तिच्याच वाढदिवसाला, केक कापायच्या आधी, सगळ्या पोरांना बसवून. एका मुलीनं विचारलं, "फिर मज़ा कब करना है, दादाजी?" बाबा म्हणाले, "चेक करने के बाद." लेक हा किस्सा आजही तिच्या बेंगळुरूच्या ऑफिसात सांगते आणि मागच्या वर्षी तिनं आजोबांना त्या शब्दांचा कपही पाठवला. बाबा त्यात दाढीचा ब्रश ठेवतात.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आई गेल्यावर बाबांनी घातलेली अट.

दादा पुण्याहून आला होता. त्याचं म्हणणं, बाबांनी आता पुण्याला यावं, नाहीतर इथेच, याच शहरात, माझ्याकडे चार इमलीला. माझ्या सरकारी बंगल्यात एक खोली शिवणयंत्र आणि इस्त्रीचं टेबल यांच्यासाठी अडून होतीच. बाबांनी आमचं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी रोज सकाळी हिला फोनवर हकुना मटाटा सांगीन. गॅस, मोटर, औषध, तिन्ही बघून. ज्या दिवशी मी ते म्हटलं आणि ते खरं नव्हतं, त्या दिवशी मला इथून न्या. मी वाद घालणार नाही. पण तोवर हा विषय कुणी काढायचा नाही."

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं. ऑफिसला निघायच्या आधी फोन करायचा, दोन शब्द ऐकायचे आणि कामाला लागायचं, हे मला सोयीचं होतं. शंका घ्यावी असं कधी वाटलं नाही. दुसऱ्या कुणी 'सब ठीक है' म्हटलं असतं तर मी दोन प्रश्न विचारले असते.

त्या रविवारी मी फाटक उघडलं तेव्हा समोरच्या घरातल्या बाई तुळशीला पाणी घालत होत्या. म्हणाल्या, "दीदी, अच्छा हुआ आप आ गईं. अंकलजी की टंकी परसों खूब बही. हमने आवाज़ भी दी."

"मोटर बंद करना भूल गए होंगे," मी म्हटलं.

"और बरामदे की लाइट भी दिन भर जलती रहती है. बाकी तो अंकलजी एकदम फिट हैं, माशाअल्ला."

परवा सकाळी फोनवर मी ते दोन शब्द ऐकले होते. टाकी नंतर वाहिली असेल, असा हिशेब मी केला आणि शिडी काढायला गेले.

हौद उपसून झाला. मोटर घरघरून थांबली. बाबा पोर्चमध्ये गेले, मला त्यांची पाठ दिसत होती. पट्टीच्या पत्र्याचा आवाज आला. मग त्यांचा आवाज, नेहमीसारखा खणखणीत.

"हकुना मटाटा."

आत उतरणाऱ्यानं स्वतःही एकदा बघायचं, हेही त्यांनीच शिकवलेलं. हौदाशेजारी भिंतीवर मोटरच्या जोडणीचा डबा आहे. मी खिशातला टेस्टर काढून त्याला लावला. त्यातला दिवा पेटला.

मी टेस्टर पुसून पुन्हा लावला. पुन्हा पेटला.

मी पोर्चकडे गेले. बाबा तोवर खुर्ची घेऊन हौदाच्या तोंडाशी येऊन बसले होते, देखरेखीला. बोर्डावर मोटरचं बटण चालू होतं. पट्टी होती, व्यवस्थित अडकवलेली, तारेचा आकडा दोनदा पिळलेला, अक्षरं समोर. ती पोर्चच्या दिव्याच्या बटणावर होती. ते बटण बंद होतं.

मोटरचं बटण मी बंद केलं. पट्टीला हात लावला नाही. परत येऊन, बाबांच्या पाठीमागून, डब्यातली जोडणीची पिनही ओढून काढली आणि खिशात टाकली. मग उतरले.

"एवढा वेळ काय करत होतीस?" बाबांनी वरून विचारलं.

"ओढणी ठेवत होते."

घासताना बाबांचं बोलणं चालू होतं. या वर्षी थंडी उशिरा आहे. दादानं वजन वाढवलंय. "डावा कोपरा राहिला," ते म्हणाले. खरंच राहिला होता. वरून, त्या अंधारात, त्यांना तो दिसला. मी तो घासला. काय करायचं ते मला त्या हौदात ठरवता आलं नाही. पाणी भरून बादल्या वर देत राहिले, बाबा त्या गटारात ओतत राहिले.

हात धुऊन चहा ठेवला आणि स्वयंपाकघरातून दादाला फोन लावला. सगळं सांगितलं.

त्यानं विचारलं, "तुला काही झालं नाही ना?"

"नाही."

"मग आज बोलू नकोस. डिसेंबरात मी येतो. डॉक्टरला दाखवू, त्यांच्याकरवी सांगू. अट-बिट कशाला मध्ये आणायची? त्यांना फार लागेल ते."

"तोवर ते रोज सकाळी सांगणार, आणि मी ऐकणार?"

"एखादा माणूस ठेव सोबतीला. पट्टी हलवलीस ना?"

"मी कशी हलवणार? त्यांची आहे."

"तुम्ही दोघं वेडे आहात," दादा म्हणाला. "उचल आणि मोटरच्या बटणावर अडकव. त्यांना कळणारही नाही."

तेच तर होतं. मी ती एक वीत बाजूला सरकवली असती तर त्यांचे सकाळचे शब्द खरे ठरले असते. बाबा त्यांच्या घरात राहिले असते, त्यांच्या कपात दाढीचा ब्रश, त्यांच्या अंगणात खुर्ची. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा फोन केला असता. मग गॅस. मग अजून काही. मी ऑफिसला निघता निघता ते शब्द ऐकले असते, आणि त्यांचा अर्थ टी-शर्टवरचाच उरला असता. चिंता करू नको.

चहा झाला. मी पिन जागच्या जागी लावली आणि म्हटलं, "बाबा, हौद भरत आलाय. मोटर चालवायची. पट्टी काढा."

ते उठले. मी मागे गेले. त्यांचा हात सरळ मोटरच्या बटणाकडे गेला, न बघता. तिथं काही नव्हतं. हात हवेत राहिला. त्यांनी बोर्डावरून नजर फिरवली आणि ती पोर्चच्या दिव्यापाशी थांबली.

"तू हात लावलास?"

"पट्टीला नाही. बटण मी बंद केलं."

"टेस्टर लावला होतास?"

"हो."

"पेटला?"

"पेटला."

"उतरायच्या आधी की नंतर?"

"आधी."

"बरं." त्यांनी आकड्याचे पीळ सोडवले, सावकाश, आणि पट्टी सदऱ्याच्या टोकाला पुसली. "मी म्हणालो होतो?"

"म्हणालात."

समोरच्या घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या. बाबा पोर्चच्या पायरीवर बसले. पट्टी मांडीवर.

"काल झोप नीट झाली नव्हती," ते म्हणाले. "आजचा दिवस धरू नकोस."

हो म्हणाले असते तर ते खोटं झालं असतं, आणि नाही म्हणायचा अधिकार मला त्यांनी दिला असला तरी तो त्यांच्या तोंडावर वापरणं जमेना.

"संक्रांतीपर्यंत?" त्यांनी विचारलं. मग माझ्याकडे न बघता स्वतःच मान हलवली. "नाही. आत तू होतीस. धरायचा."

ते उठून आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. मी मोटर चालवली, टाकी भरेपर्यंत बोर्डापाशी उभी राहिले आणि बंद केली. नंतर आत डोकावले तर त्यांनी पलंगावर सदरे घडी घालून ठेवले होते, स्वेटर, औषधांचा डबा, ट्रान्झिस्टर. लाकडी जिराफाचा एक कान तुटलाय, तोही होता. कप त्यांनी उचलला, परत ठेवला, शेवटी ब्रशसकट रुमालात गुंडाळला.

"झाडांचं काय?" त्यांनी विचारलं.

"समोरच्या बाईंना सांगते. आणि रविवारी येऊच आपण."

"हौद भरलेला ठेवायचा नाही मग. पाणी सडतं."

"अर्ध्यावर ठेवते."

"नळाचा वॉल्व्ह बंद कर. अर्ध्यावर आपोआप राहणार नाही तो."

केला. त्यांचं बरोबर होतं.

ऊन उतरल्यावर निघालो. पिशव्या मी गाडीत ठेवल्या. बाबा फाटकाबाहेर उभे राहिले, आत आले नाहीत. मी घरातून फिरले. गॅसचं बटण, स्वयंपाकघराचा नळ, न्हाणीघराचा नळ, मोटर, मागचं दार. कुलूप लावून फाटकाशी आले.

"हकुना मटाटा?" त्यांनी विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. मागच्या खोलीच्या खिडकीला मी हात लावला नव्हता. ती बंद असणार, तिकडे कुणी जात नाही.

"एक मिनिट," मी म्हटलं, आणि कुलूप पुन्हा काढलं.

खिडकी बंद होती. खिटी मात्र बसलेली नव्हती. ती दाबून बसवली आणि परत आले. तेव्हा म्हटलं. बाबांनी मान डोलावली आणि गाडीत बसले. पट्टी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती, आकडा बाहेर आलेला.

सोमवारी सकाळी मी ऑफिसला कळवून अर्धा दिवस सुट्टी टाकली. नवऱ्यानं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या बाजूनं, आणि शिवणयंत्र बाहेरच्या व्हरांड्यात नेलं. इस्त्रीचं टेबल घडी करून कपाटामागे सरकवलं. खोली झाडली, पुसली. बाबा तोवर बाहेर पेपर वाचत होते. मग मी हातोडी घेतली आणि न्हाणीघराबाहेर, गीझरच्या बटणाशेजारी, त्यांच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर एक खिळा ठोकला. पट्टी त्यांच्याकडून मागून घेतली नाही. ती त्यांची होती, त्यांनीच येऊन अडकवायची.